सात-दहाचं लेक्चर

आमच्या कॉलेजची फी कमी होती, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. लग्नात, बारशात, गावाला गणपतीत, चार नातेवाईक जमले की हे वाक्य कोणीतरी काढतंच. "भाईंदरचं कॉलेज म्हणजे फी काय, नावाला होती. फुकटात शिकलो आम्ही." म्हणणारा माझा कोणीतरी चुलत भाऊ असतो. त्याचं पोट आता सुटलेलं असतं आणि शिकत असताना ते कोण भरत होतं हे तो विसरलेला असतो.

आई आणि मी भरत होतो.

वडिलांनी परळची भाड्याची खोली सोडून भाईंदर पूर्वेला वन रूम किचन घेतलं तेव्हा मी सातवीत होते. मी बारावी होईपर्यंत आमच्यापासून पंधरा मिनिटांवर एक कॉलेज सुरू झालं होतं. कॉलेज म्हणजे दोन मजले, खाली दुकानं. त्यातलं एक पिठाच्या गिरणीचं. गिरणी सुरू झाली की अकाउंट्सच्या सरांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. मागच्या खिडकीतून मिठागर दिसायचं आणि पुढच्या खिडकीतून वडापावची गाडी, त्यामुळे सगळा वर्ग पुढच्या बाजूला बसायचा. फीच्या पावतीवर जिमखान्याचे पैसे वेगळे लावलेले असत. जिमखाना म्हणजे जिन्याखाली ठेवलेला एक कॅरमबोर्ड, त्याचा स्ट्रायकर शिपायाच्या खिशात. पण ते जाऊ दे. फी खरंच कमी होती, ते मी नाकारत नाही.

ही बातमी रत्नागिरीकडे आमच्या गावाला पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. थोरल्या काकांचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात पाऊसपाणी, म्हैस, कोणाचं तरी दुखणं, आणि शेवटच्या ओळीत, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: थोरल्याला तुमच्याकडे पाठवतो, कॉलेज जवळ आहे, फी कमी आहे असं कळतं.

वडिलांना नाही म्हणता येत नव्हतं असं नाही. दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि मला ते अगदी व्यवस्थित नाही म्हणत. गावाकडच्या पत्राला मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं: अवश्य पाठवावे. आईला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. आईला मी आयुष्यात कोणालाही नाही म्हणताना ऐकलेलं नव्हतं, अगदी दाराशी आलेल्या साबणवाल्या पोरींनाही नाही. आमच्या बाथरूममध्ये तेव्हा सात प्रकारचे साबण होते.

तर दादा आला. तो माझ्याहून दीड वर्षाने मोठा, पण अकरावीत एकदा आपटल्यामुळे माझ्याच वर्गात. त्याच्यामागून त्याचा धाकटा भाऊ, मग मधल्या काकांचा मुलगा, मग आत्याचा, आणि शेवटी आत्याच्या जावेचा भाचा, ज्याचं आमच्याशी नातं काय हे सांगायला मला अजून कागद लागतो. नऊ वर्षांत पाच जण. एका वेळी जास्तीत जास्त तिघं. बाहेरच्या खोलीत तिघं आणि वडील, स्वयंपाकघरात आई आणि मी. माझी पुस्तकं मसाल्याच्या डब्यांमागे. माझ्या कॉस्टिंगच्या वहीला अजून हळदीचा वास येतो.

आणि कॉलेज सकाळचं. पहिलं लेक्चर सात वाजून दहा मिनिटांनी. पाणी एक दिवसाआड, सहाला. आता बसवा गणित. आई पोळ्या लाटणार, मी पाणी भरणार. पाणी संपलं की डबे. मुलांचे डबे पावणेसातच्या आत, कारण त्यांना सात-दहाचं लेक्चर होतं. मग वडिलांचा डबा, मग गाद्यांच्या घड्या, कारण तिघंही अंथरुणातून जसे उठायचे तशी अंथरुणं तिथेच राहायची. एकदा मी दादाला म्हटलं, बादली धर जरा. तर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते पाहुणे आहेत. त्यांच्या बापाला कळलं आम्ही मुलांकडून पाणी भरून घेतो तर काय वाटेल?" माझ्या बापाला काय वाटतं ते मी विचारलं नाही. समोरच उभा होता, दिसत होतं.

सात-दहाचं लेक्चर मला तीन वर्षांत किती वेळा मिळालं ते बोटांवर मोजता येईल. ते होतं अर्थशास्त्राचं. आणि मला आवडायचं तेवढं तेच होतं, हा आणखी एक वैताग. दर सहामाहीला बोर्डावर डिफॉल्टरांची यादी लागायची, हजेरी कमी असलेल्यांची. त्यात माझं नाव वरच्या पाचात. दादाचं नाव एकदाही नव्हतं. यादी बघून दादा मला म्हणाला, "अगं, जरा नियमित येत जा." मी त्याच्या हातातला डबा काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही.

शेवटच्या वर्षी मी अर्थशास्त्राच्या बाईंकडे गेले. मला त्याच विषयात एम.ए. करायचं होतं आणि त्यासाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. बाई वाईट नव्हत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पेपर तर चांगले लिहितेस. पण मी काय लिहू? तू लेक्चरलाच नसतेस." मी काय सांगणार होते? तीन डबे भरते, असं? मी बरं म्हणाले आणि जिना उतरले. एका वस्तूसाठी दुसरी जी सोडावी लागते ती त्या वस्तूची खरी किंमत, हा धडा त्याच बाईंनी शिकवला होता. तो सात-दहाला झाला होता, म्हणून मी तो दादाच्या वहीतून उतरवून घेतला.

पुढे काही मोठं घडलं नाही. मी मीरा रोडला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात लागले आणि अजून तिथेच आहे. लग्न केलं नाही. त्याचा ह्या गोष्टीशी संबंध नाही, निदान लोकांना वाटतो तेवढा तर नाहीच. वडील गेले, ते घर विकून आई आणि मी भाईंदरलाच, इंद्रलोक वस्तीत वन बीएचकेत आलो. पाचही मुलं पदवीधर झाली. दादा गावाला परत जाऊन दुकान चालवतो आणि दुकानाच्या पाटीवर नावापुढे बी. कॉम. लिहितो.

मी मात्र एक ठरवून ठेवलं होतं. ह्यांची मुलं मोठी होतील, बारावी होतील, आणि एक दिवस फोन येईल. त्या दिवशी मी नाही म्हणणार. ते वाक्य मी कितीतरी वर्षं आंघोळ करताना म्हणून बघत होते. कधी गोड आवाजात, कधी कडक.

ह्या जूनमध्ये फोन आला. दादाच होता. पाऊसपाणी झालं, आईचे गुडघे झाले. मग तो म्हणाला, "अगं, यंदा घरात एक बारावी झाली. पुढचं कॉलेजचं बघायला हवं. तुमच्याकडे—"

"नाही दादा," मी म्हणाले.

"अगं, ऐक तरी."

"नाही. आई बाहत्तरची आहे, तिच्याने होत नाही. मी ऑफिसला जाते. आमच्याकडे आता कोणाला ठेवून घ्यायला जमणार नाही. तू दुसरं काहीतरी बघ."

तो "बरं" म्हणाला आणि आंबे पाठवू का विचारलं. मी नको म्हटलं. त्या दिवशी मला नाही म्हणायची चटकच लागली होती.

आई सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. "नाही म्हटलंस?" तिने विचारलं.

"हो."

तिने टीव्हीचा आवाज वाढवला. दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मी खुशीत होते. ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटावेत इतकी.

आठवड्याने वहिनीचा फोन आला, म्हणजे दादाच्या बायकोचा. ती मला कधी फोन करत नाही. "वन्सं, तुमचं बरोबरच आहे हो," ती म्हणाली. "वयस्कर माणूस घरात, जबाबदारी कशी घेणार. मी ह्यांना आधीच सांगितलं होतं. पोरगी रडली दोन दिवस, आता गप झालीय. सोमवारपासून काजूच्या कारखान्यात जाईल."

"कोण पोरगी?"

"आमची. बाहत्तर टक्के पडले तिला, पण आता काय."

"आणि मुलगा?"

"त्याला गेल्या वर्षीच चिपळूणला आयटीआयला घातला की. मित्रांबरोबर खोली करून दिलीय. मुलीला खोली कशी करून द्यायची, तुम्हीच सांगा. इथनं कॉलेज लांब, एसटीचा भरवसा नाय. म्हणून ह्यांना वाटलं, तुमच्याकडे घरचं माणूस आहे."

मी फोन धरून स्वयंपाकघरात उभी होते. पाच मुलगे येऊन गेले, गावाहून एकही मुलगी कधी आली नाही, तेव्हा पुढची बारावी मुलीची असू शकते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी विचारलंसुद्धा नाही. मी, जिची वही मसाल्याच्या डब्यांमागे असायची. इतक्या वर्षांचा राग मी नेमका चुकीच्या माणसावर काढला होता, आणि तोही पेढे वाटण्याच्या थाटात. स्वतःचा इतका संताप मला क्वचित आलाय.

मी दादाला फोन लावला. "मुलगी आहे हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू बोलू दिलंस कुठे?" तो म्हणाला. "आणि मला वाटलं, मुलगी म्हटल्यावर तू आणखीच नाही म्हणशील. मुलीची जबाबदारी मोठी."

"दादा, तुझ्या डोक्यात काय भरलंय?"

"आमच्या वेळी काकीने कधी नाही म्हटलं नाही," तो म्हणाला.

मी फोन ठेवला, कारण पुढचं बोलले असते तर आमचं गणपतीला जाणं बंद झालं असतं. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, तिला आण. उद्याच्या उद्या कागद पाठव.

प्रवेशाची शेवटची यादी लागायला चार दिवस होते. पूर्वी फॉर्म पाच रुपयांना खिडकीत मिळायचा. आता आधी विद्यापीठाचं पोर्टल, मग कॉलेजचं पोर्टल, मग तेच सगळं छापून खिडकीतच नेऊन द्यायचं. वहिनीने मार्कशीटचा फोटो पाठवला तो सुपात ठेवून काढलेला, कडेला तिचा अंगठा आणि थोडे तांदूळ. पोर्टलने तो नाकारला. दुसरा पाठवला तो मोठा झाला म्हणून नाकारला, तिसरा लहान झाला म्हणून. शेवटी मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या झेरॉक्सवाल्याने तो पोर्टलला आवडेल असा करून दिला. "आपकी बेटी है?" त्याने विचारलं. भाची म्हटलं तर आणखी पाच प्रश्न आले असते, म्हणून मी हो म्हटलं.

कॉलेज आता पाच मजली आहे. गिरणी गेली, मिठागराच्या बाजूला टॉवर आले. लिफ्ट आहे, पण ती फक्त स्टाफसाठी. मी चौथ्या मजल्यावर चढून गेले तेव्हा खिडकी बंद होती. उघडली तेव्हा आतला तरुण कागद चाळत म्हणाला, "मॅडम, आप कौन? मदर?"

"आत्या."

"आत्या नहीं चलेगा. पेरेंटची सही लागेल. आणि लिव्हिंग सर्टिफिकेट ओरिजिनल."

"वडील उद्या येतायत. मी लोकल गार्डियन. मी इथलीच माजी विद्यार्थिनी आहे."

ह्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. त्याने हमीपत्राचा एक छापील कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थिनीची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या वर राहील याची जबाबदारी लोकल गार्डियनची राहील. मी ते दोनदा वाचलं. "क्या हुआ मॅडम, प्रॉब्लेम है क्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. आणि सही केली. फीच्या पावतीवर जिमखान्याचे पैसे अजून आहेत. कॅरमबोर्ड आहे की नाही ते मी बघितलं नाही.

दादा मुलीला घेऊन आला. बरोबर एक फणस, तांदळाची गोण आणि भाकरीचं पीठ. मुलगी बुटकी, सावळी, बोलायला अगदी कमी. सही करायला दादा माझ्याबरोबर चार मजले चढला, वर पोचल्यावर घाम पुसला आणि चौफेर बघत म्हणाला, "आपल्या वेळी फी कमी होती नाही?" त्याची पोरगी शेजारी उभी होती म्हणून मी गप्प बसले. संध्याकाळी तो परत जाताना आईच्या पाया पडला. दारात पोरीला काहीतरी हळू आवाजात सांगत होता, ती मान डोलवत होती. मला वाटलं, नीट अभ्यास कर म्हणत असेल.

काय म्हणत होता ते पहिल्या लेक्चरच्या दिवशी कळलं. साडेपाचला स्वयंपाकघरातून परातीचा आवाज आला म्हणून मी उठले. बघते तर ही ओट्याशी उभी. केस धुऊन बांधलेले, परातीत पीठ मळून तयार, तवा तापायला ठेवलेला. भांडी घासून पालथी घातलेली. पाण्याचा ड्रम भरलेला. आदल्या दिवशी आणलेली भाजी निवडून ठेवलेली. माझ्या ऑफिसच्या डब्याची झाकणंसुद्धा पुसून ठेवली होती.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलंय," ती म्हणाली, "आजीला नि आत्याला काय एक काम करू द्यायचं नाय. राहायचं तर राबायचं."

पाच मुलगे. नऊ वर्षं. एकाने कधी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं नाही. आणि त्यातलाच एक आपल्या मुलीला हे सांगून गेला होता. मी दादाला तेव्हाच्या तेव्हा फोन लावणार होते, साडेपाच तर साडेपाच. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"नाही," आई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात ठेवून दारात उभी होती. मी वळून बघितलं, कारण मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"ठेव ते पीठ," ती मुलीला म्हणाली. "हात धू. ह्या घरात जे शिकायला आले त्यांनी काम केलं नाही. तूही नाही करायचं."

"पण आजी, बाबा—"

"तुझा बाप इथे तीन वर्षं होता. तो काय करायचा मला माहितेय. तसंच तू करायचं. उठायचं, खायचं, जायचं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, खरं तर कोणी ताट उचललं असतं तर मला चाललं असतं, सगळीच मुभा द्यायची गरज नव्हती. पण बाहत्तर वर्षांत आई पहिल्यांदा नाही म्हणाली होती, त्यात मी दुरुस्त्या कुठे सुचवू? शिवाय त्या हमीपत्रावर सही माझी होती. मी पदर खोचला आणि परात पुढे ओढली.

मुलगी टेबलाशी बसून खाऊ लागली. नीट खाता येत नव्हतं तिला, दर घासाला ओट्याकडे बघत होती. पावणेसातला मीच तिची बॅग खांद्यावर दिली आणि म्हटलं, "निघ. सात-दहाचं आहे. आणि पुढे बस." ती चपला घालून जिन्यात गेली, तिथून परत वर बघितलं, आणि मग धावत उतरली.

दार लावून मी आत आले. तवा तापलेला होता, भाकरी टाकली. आई स्टुलावर बसून गुडघा चोळत होती. मला तिचं कौतुक वाटत होतं आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकदम.

"आई," मी म्हटलं, "हे तुला म्हणता येत होतं तर मग तेव्हा का नाही म्हणालीस? माझ्या वेळी?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्न खरंच कळला नव्हता, असं वाटलं. मग कळला.

"तेव्हा तू होतीस ना करायला," ती म्हणाली.

मी तव्याकडे वळले. भाकरी एका बाजूने करपली होती. मी ती उलटली, दुसरी बाजू भाजली आणि माझ्याच डब्यात ठेवली.